तांबडी रक्तपेशी : पटल, वहन आणि विकरे

तांबडी रक्तपेशी ही मानवी रक्तात सर्वाधिक संख्येने आढळणारी, ऑक्सिजन वाहून नेणारी पेशी होय. प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारणतः ४५ ते ५५ लाख तांबड्या पेशी असतात. अस्थिमज्जेत त्यांची निर्मिती अखंड चालू असते. दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी रक्तप्रवाहात दाखल होतात आणि जवळपास तितक्याच जुन्या पेशी प्लीहा व यकृत यांत नष्ट होतात. एका पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते.

पेशीविज्ञानाच्या अभ्यासात या पेशीला विशेष स्थान आहे. सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, तंतुकणिका नसतात, आंतर्द्रव्यजालिकाही नसते. उरते ते केवळ एक पटल, त्याच्या आतील हिमोग्लोबिनचे दाट द्रावण आणि काही विकरे. पेशीपटल म्हणजे काय, पदार्थ त्यातून आत-बाहेर कसे जातात आणि विकरे काय करतात, हे तीन प्रश्न समजून घेण्यासाठी याहून सुटसुटीत उदाहरण सापडणे कठीण. शालेय पुस्तकांत मात्र पेशी शिकवताना कांद्याची साल व गालाच्या आतील पेशी यांवरच भर दिला जातो. तांबडी पेशी ‘रक्ताभिसरण’ या वेगळ्या पाठात ढकलली जाते आणि दोन्ही पाठांचा परस्परसंबंध विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही.

विदर्भातील वाचकाला या विषयाचे आणखी एक कारण आहे. सिकलसेल हा आनुवंशिक आजार नागपूरसह विदर्भाच्या पूर्व भागात मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याचे मूळ हिमोग्लोबिनात असले तरी त्याची तीव्रता पेशीपटलातून होणाऱ्या वहनावर बरीच अवलंबून असते.

रचना

तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी मध्यभागी दबलेल्या चकतीसारखी दिसते. तिचा व्यास सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर असतो. या आकारामुळे तेवढ्याच आकारमानाच्या गोलापेक्षा तिला अधिक पृष्ठभाग मिळतो. त्याचे दोन लाभ होतात. पेशीतील कोणताही रेणू पटलापासून फार दूर नसल्याने वायूंची देवाणघेवाण झटपट होते. शिवाय पेशी मुडपली जाऊ शकते आणि स्वतःच्या व्यासापेक्षा अरुंद असलेल्या केशवाहिनीतूनही निसटून जाते. अर्धवट भरलेली पाण्याची पिशवी जशी वाकवता येते, पण गच्च भरलेली येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. तंतुकणिका नसल्यामुळे ही पेशी वाहून नेत असलेला ऑक्सिजन स्वतःसाठी वापरत नाही. तिला लागणारी ऊर्जा ती ग्लुकोजच्या ऑक्सिजनविरहित विघटनातून मिळवते. ज्याच्या खांद्यावर धान्याचे पोते आहे, त्याने त्यातला दाणाही तोंडात टाकू नये, अशी ही व्यवस्था आहे.

पटलाचा शोध

पेशीपटल दोन थरांचे असते ही कल्पना तांबड्या पेशीवरील प्रयोगातूनच पुढे आली. १९२५ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे खोर्टर व ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतील मेद ॲसिटोनने वेगळे केले आणि पाण्याच्या पृष्ठभागावर एक रेणू जाडीच्या थरात पसरले. त्या थराचे क्षेत्रफळ मूळ पेशींच्या एकूण पृष्ठफळाच्या जवळजवळ दुप्पट भरले. त्यावरून पटलात मेदांचे दोन थर असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे असे आढळले की ॲसिटोनने सर्व मेद निघाले नव्हते आणि पेशींचे पृष्ठफळही त्यांनी प्रत्यक्षापेक्षा कमी धरले होते. या दोन चुकांनी एकमेकींना छेद दिला आणि उत्तर बरोबर आले. विज्ञानाच्या इतिहासात असे योग क्वचित जुळतात.

या मेदांना फॉस्फोलिपिड म्हणतात. त्यांच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेणारे, तर शेपट्या पाण्यापासून दूर राहणाऱ्या असतात. त्यामुळे पाण्यात ते आपोआप दोन थरांत रचले जातात; डोकी बाहेरच्या दोन्ही अंगांना आणि शेपट्या आत, एकमेकींकडे तोंड करून. १९७२ मध्ये सिंगर व निकोल्सन यांनी या द्विस्तरात प्रथिने तरंगत असतात, असे प्रारूप मांडले. हे पटल घट्ट भिंतीसारखे नसून तेलकट, प्रवाही असते. प्रथिनांपैकी काही आरपार बसलेली असतात आणि तीच बहुतेक पदार्थांची प्रवेशद्वारे होत. तांबड्या पेशीत पटलाच्या आतल्या अंगाला प्रथिनतंतूंचे एक जाळेही असते. पेशीचा आकार व लवचीकपणा त्याच्यावर अवलंबून असतो.

पाण्याची ये-जा

ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांचे रेणू लहान व विद्युतप्रभाररहित असल्याने पटलातून सहज पार होतात. जिकडे प्रमाण अधिक तिकडून जिकडे कमी तिकडे ते पसरतात. याला विसरण म्हणतात आणि त्यासाठी पेशीला ऊर्जा खर्च करावी लागत नाही.

पाणीही असेच पसरते. पटल पाण्याला वाट देते, पण पाण्यात विरघळलेल्या अनेक पदार्थांना अडवते. अशा पटलातून कमी संहत द्रावणाकडून अधिक संहत द्रावणाकडे होणाऱ्या पाण्याच्या वहनाला परासरण म्हणतात. मराठी विश्वकोशात यासाठी ‘तर्षण’ हा शब्द योजला आहे. तो तहानवाचक ‘तृष्’ धातूशी नाते सांगतो आणि अर्थाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. परंतु पाठ्यपुस्तकांत ‘परासरण’ रूढ झाल्याने येथे तोच शब्द वापरला आहे.

तांबड्या पेशी ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात ठेवल्या तर त्यांचा आकार बदलत नाही, कारण आतील व बाहेरील संहती सारखी असते. हे समपरासारी द्रावण. रुग्णालयात ‘सलाईन’ म्हणून जे शिरेवाटे दिले जाते ते हेच. द्रावणातील मीठ कमी करत नेले की पाणी पेशीत शिरते, पेशी फुगून गोल होते आणि निरोगी पेशी साधारण ०.४५ ते ०.५ टक्क्यांच्या आसपास फुटू लागतात. कन्हान नदीच्या गोड्या पाण्यात तांबड्या पेशी टाकल्या तर त्या काही क्षणांतच फुटतील. तेच पाणी शुद्ध होऊन नागपूरकरांच्या पिण्यात येते आणि कोणाच्याही रक्तपेशी फुटत नाहीत, कारण आतड्यातून ते हळूहळू शोषले जाते आणि रक्ताची संहती मूत्रपिंडे सांभाळतात. शुद्ध पाणी थेट शिरेत टोचणे मात्र जिवावर बेतू शकते. उलट, ०.९ टक्क्यांहून बऱ्याच अधिक खारट द्रावणात पेशीतील पाणी बाहेर पडते आणि पेशी आकसून तिच्या कडा काटेरी दिसू लागतात.

वनस्पतिपेशी पाण्यात फुटत नाहीत, कारण पटलाबाहेर तिला भक्कम पेशीभित्तिका असते. रक्त न वापरता परासरण पाहायचे असेल तर घरातच पुरेशी सामग्री आहे. मनुका रात्रभर पाण्यात ठेवल्यास टपोऱ्या होतात. त्याच साखरेच्या दाट पाकात टाकल्यास पुन्हा आकसतात. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावले की ‘पाणी सुटते’, असे गृहिणी म्हणतात. ते बहिःपरासरणच होय. शाळेत विद्यार्थ्यांच्या बोटाला टोचून रक्ताचे प्रयोग करण्याची पद्धत पूर्वी होती. संसर्गाचा धोका लक्षात घेता ती बंद होणेच योग्य.

पाणी तांबड्या पेशीत इतक्या झपाट्याने कसे शिरते, याचे कोडे बराच काळ सुटले नव्हते. मेदाच्या थरातून पाणी झिरपते खरे, पण एवढ्या वेगाने नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर ॲग्र हे तांबड्या पेशीच्या पटलातील रक्तगटाशी संबंधित प्रथिनांचा अभ्यास करत असताना त्यांना एक अनोळखी प्रथिन विपुल प्रमाणात आढळले. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने ते प्रथिन बेडकाच्या अंडपेशीत तयार करवले आणि ती अंडपेशी साध्या पाण्यासारख्या द्रावणात ठेवली. एरवी अशा द्रावणात तग धरणारी अंडपेशी फुगून फुटली. ही पाण्याची वाहिनी होती. तिला ॲक्वापोरिन हे नाव मिळाले. तिच्यातून पाण्याचे रेणू एकापाठोपाठ एक, सेकंदाला सुमारे ३०० कोटी या वेगाने जातात, पण हायड्रोजन आयन जाऊ शकत नाही. या शोधासाठी ॲग्र यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक रॉडरिक मॅकिनन यांच्यासह मिळाले.

ग्लुकोज, आयन आणि पंप

ग्लुकोजचा रेणू मोठा व पाण्यात विरघळणारा असल्याने मेदाचा थर त्याला दाद देत नाही. त्याच्यासाठी पटलात वाहक प्रथिन असते. ते बाहेरच्या अंगाने ग्लुकोज पकडते, स्वतःचा आकार बदलते आणि आतल्या अंगाला सोडते. वहनाची दिशा येथेही अधिक संहतीकडून कमी संहतीकडेच असते. म्हणून याला साहाय्यित विसरण म्हणतात आणि ऊर्जा यातही लागत नाही. विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो येथेच: प्रथिनाची मदत लागली म्हणजे ऊर्जा लागली, असे समीकरण ते मनात बांधतात. ऊर्जा लागते ती उताराविरुद्ध, म्हणजे कमी संहतीकडून अधिक संहतीकडे नेताना. मदत व ऊर्जा या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

उताराविरुद्ध वहनाचे ठळक उदाहरण म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. पेशीच्या आत पोटॅशियम पुष्कळ व सोडियम थोडे असते. बाहेरील रक्तद्रवात याच्या अगदी उलट. दोन्ही आयन आपापल्या उताराने सतत झिरपत असतात. पंप एटीपीचा एक रेणू खर्चून तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. तो थांबला तर पेशीत सोडियम साचेल, त्याच्यामागे पाणी येईल आणि पेशी फुगेल. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना हा पंप म्हणजे एक विकरच असल्याचे दाखवले. १९९७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

या पंपाचे महत्त्व रक्तपेढीत प्रत्यक्ष दिसते. साठवलेले रक्त २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. थंडीत पंप मंदावतो, पण झिरपणे चालू राहते. त्यामुळे पिशवीतील रक्तद्रवात पोटॅशियमचे प्रमाण दिवसागणिक वाढत जाते. नवजात अर्भकाला मोठ्या प्रमाणात रक्त द्यायचे असल्यास डॉक्टर शक्यतो ताजे रक्त मागतात, त्याचे हे एक कारण आहे.

विकरे

विकरे ही जीवरासायनिक अभिक्रियांचा वेग वाढवणारी प्रथिने होत. अभिक्रियेत ती स्वतः खर्च होत नाहीत. प्रत्येक विकराच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट खाच असते आणि तिच्यात ठराविक रेणूच बसतो. १८९४ मध्ये एमिल फिशर यांनी यासाठी कुलूप-किल्लीचा दृष्टान्त दिला. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी जिवंत पेशी नसलेल्या यीस्टच्या रसानेही साखर आंबते, हे दाखवले. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी एका विकराचे स्फटिक मिळवून ते प्रथिन असल्याचे सिद्ध केले. विकराची खाच त्याच्या घडीवर अवलंबून असल्याने उष्णतेने घडी उलगडली की काम थांबते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कच्च्या बटाट्याची फोड टाकली तर फेस येतो. उकडलेल्या बटाट्याने येत नाही. हे कॅटलेज विकराचे काम आहे. जखमेवर हेच औषध टाकल्यावर जो फेस येतो, त्यात तांबड्या पेशींतील कॅटलेजचाही हात असतो.

तांबड्या पेशीतील एक अत्यंत वेगवान विकर कार्बोनिक अनहायड्रेज हे होय. त्याच्या केंद्रस्थानी जस्ताचा आयन असतो. ऊतींतून आलेला कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांच्यापासून ते बायकार्बोनेट बनवते. या विकराचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख अभिक्रिया घडवू शकतो. तयार झालेले बायकार्बोनेट पटलातील एका प्रथिनाद्वारे बाहेर जाते आणि त्या बदल्यात क्लोराइड आयन आत येतो. फुप्फुसात हीच प्रक्रिया उलट दिशेने होते. रक्तातील बहुतांश कार्बन डाय-ऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपात प्रवास करतो. विकर आणि पटलवाहक एकमेकांवर किती अवलंबून असतात, हे येथे स्पष्ट होते.

दुसरे महत्त्वाचे विकर ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, संक्षेपाने जी-६-पीडी. ऑक्सिजन वाहणाऱ्या पेशीत ऑक्सिडीकारक घातक रेणू निर्माण होतच राहतात. त्यांना निष्प्रभ करणारी ग्लुटाथिओन ही यंत्रणा पुन्हा पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी लागणारा घटक या विकरामुळे मिळतो. इतर पेशींना त्यासाठी पर्यायी मार्ग असतात. तंतुकणिका नसलेल्या तांबड्या पेशीला नसतात. ज्यांच्यात हे विकर जन्मतः कमी असते, ते एरवी पूर्ण निरोगी असतात. मात्र काही औषधे, संसर्ग किंवा डांबरगोळ्यांतील नॅफ्थलीन यांच्या संपर्कात आल्यास त्यांच्या तांबड्या पेशी मोठ्या संख्येने फुटतात, लघवी गडद होते व कावीळ दिसते. डांबरगोळ्या घालून ठेवलेले कपडे, दुपटी तशीच काढून तान्ह्या बाळाला गुंडाळण्याची सवय यासाठी टाळावी.

हिवतापावरील प्रायमाक्विन या औषधाने काही रुग्णांच्या पेशी का फुटतात, याचा शोध घेताना १९५६ मध्ये ही कमतरता उघडकीस आली. भारतात तिच्या सुरुवातीच्या नोंदींत मुंबईतील पारशी समाजावरील अभ्यासाचा समावेश होतो. तिचा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने ती मुलग्यांत अधिक आढळते. एक व्यावहारिक बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तांबड्या पेशीला केंद्रक नसल्याने ती नवे विकर बनवू शकत नाही; वयाबरोबर तिच्यातील साठा घटत जातो आणि झटका येतो तेव्हा जुन्या पेशी आधी फुटतात. उरलेल्या तरुण पेशींत विकर तुलनेने अधिक असते. म्हणून झटक्यानंतर लगेच केलेली तपासणी चुकीने ‘सामान्य’ येऊ शकते आणि ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

मुंबई रक्तगट

रक्तगट म्हणजे तांबड्या पेशीच्या पटलावरील शर्करांच्या साखळ्यांमधील फरक. या शर्करा विकरेच जोडतात. प्रथम एक विकर फ्युकोज ही शर्करा जोडून ‘एच’ घटक तयार करते. त्यावर ए गटाचे विकर एक शर्करा चढवते, बी गटाचे दुसरी. ओ गटात ही पुढची पायरी होत नाही आणि एच तसाच राहतो. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या अशा व्यक्तींची माहिती ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली, ज्यांच्यात मुळात एच घटकच नव्हता. पहिलेच विकर नसल्याने पुढच्या दोघांना शर्करा चढवायला आधार उरत नाही. नेहमीच्या तपासणीत अशी व्यक्ती ओ गटाची भासते, परंतु तिच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिद्रव्ये असल्यामुळे तिला ओ गटाचे रक्तही चालत नाही. केवळ याच गटाच्या दात्याचे रक्त द्यावे लागते. जगभर हा गट ‘बॉम्बे’ याच नावाने ओळखला जातो. भारतात तो साधारणतः दहा हजारांत एकाला असतो.

विदर्भातील सिकलसेल

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकल हिमोग्लोबिन बनते. ऑक्सिजन सोडल्यावर त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठर होते. अशा पेशी केशवाहिन्यांत अडकतात. त्यातून तीव्र वेदना, संसर्ग व अवयवांची हानी उद्भवते. या पेशींचे आयुष्य १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच असल्याने पंडुरोगही होतो. भारतात सिकल पेशींची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. मध्य भारतातील आढळ शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. हा आजार केवळ आदिवासींचा आहे, हा समज चुकीचा असून विदर्भात तो अनुसूचित जाती व इतर मागास वर्गांतही आढळतो.

पटलाचा संबंध पुढीलप्रमाणे. पेशी वाकडी होताना पटलावर ताण येऊन कॅल्शियम आत शिरते. त्यामुळे पोटॅशियमची एक वाहिनी उघडते. हंगेरीच्या गार्दोश यांच्या नावाने ती ओळखली जाते. पोटॅशियम बाहेर जाते, त्याच्यामागून पाणी जाते आणि पेशी आकसते. आतील हिमोग्लोबिनची संहती वाढते. संहतीत किंचित वाढ झाली तरी तंतू तयार होण्याचा वेग अनेक पटींनी वाढतो. म्हणजे वाकडेपणामुळे पाणी जाते आणि पाणी गेल्यामुळे वाकडेपणा वाढतो. शरीरातील पाणी कमी झाले की हे चक्र अधिक जोर धरते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. सिकलसेल असलेल्या विद्यार्थ्याला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू देणे आणि लघवीला जाण्याची मुभा देणे ही सवलत नसून उपचाराचाच भाग आहे. या मुलांची मूत्रपिंडे लघवी पुरेशी दाट करू शकत नसल्याने त्यांना वारंवार जावे लागते. त्याला चुकारपणा समजू नये. उन्हात कवायतीला उभे करणेही टाळावे.

सदोष जनुक एकाच पालकाकडून आला तर व्यक्ती वाहक असते आणि सहसा तिला त्रास होत नाही. वाहकांना तीव्र हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षणही मिळते. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ही शक्यता दर खेपेला तेवढीच राहते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हिशेब चालत नाही. त्यामुळे विवाहापूर्वी दोघांचीही तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी योजली आहे.

प्राथमिक तपासणीला विद्राव्यता चाचणी म्हणतात. रक्ताचा थेंब एका विशिष्ट द्रावणात टाकतात. त्यातील रसायनाने पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिनमधील ऑक्सिजन काढून घेतला जातो. सिकल हिमोग्लोबिन असल्यास द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात. वाहक व रुग्ण या दोघांचेही द्रावण गढूळ होते. म्हणून गढूळ आलेल्या प्रत्येक नमुन्याची विद्युतसंचारण किंवा तत्सम पद्धतीने फेरतपासणी करावी लागते; ती झाल्याशिवाय कोणालाही ‘सिकलसेलचा रुग्ण’ ठरवता येत नाही. तान्ह्या बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक असल्याने साधारण पहिल्या सहा महिन्यांत ही चाचणी भरवशाची नसते.